आधी मार्सेल लाबोन, मग राष्ट्रपती

मी, प्रल्हाद गुरुनाथ माळवदे, वय एकोणतीस, मूळचा इचलकरंजीचा, हल्ली मुक्काम मलिंगार, काउंटी वेस्टमीथ, आयर्लंड, शेमस कॉयल यांच्या घरातली मागची खोली, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय नाही, पण कायद्याला डोकं पुरतं असं सॉलिसिटर बाई म्हणाल्या. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी गोड बोलून बसवलेलं नाही, आणि डॉक्टरांनी बंद केल्यापासून मी प्यायलेलोही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मागे ठेवावं असं काही नव्हतं. आता एक वस्तू आहे, आणि तिच्यासाठीच हे सगळं.

लहानपणी सांधे धरून ताप आला होता. आईने लेप लावले, ताप उतरला, सगळे विसरले. तो ताप आत हृदयाची एक झडप खाऊन गेला होता, हे मला सायकलवरून पडल्यावर इथल्या हॉस्पिटलात कळलं. सोमवारी डब्लिनला ती झडप बदलणार आहेत. शेमस म्हणतो, "ग्रँड होईल रे सगळं." शेमसच्या मते पूर आला तरी ग्रँड असतं. सर्जनने मात्र ग्रँड हा शब्द वापरला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

हे मराठीत लिहितोय त्याला कारण आहे. माझं इंग्रजी हॉटेलांच्या किचनमध्ये शिकलेलं आहे, त्यात शिव्या जास्त आणि भूतकाळ कमी. शिवाय हे आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः वाचावं. मधे कोणी समजावून सांगणारा नको. ज्याने त्याने समजावून सांगितल्यामुळेच हा घोळ झालाय. सोबत इंग्रजी भाषांतर जोडलं आहे, ते डॉ. अस्मिता यांनी केलंय. त्यांनी माझी आडवळणं गाळली तर माझी हरकत नाही.

कलम १. या मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडण्याची जबाबदारी मी डॉ. अस्मिता यांच्यावर टाकतो. त्या मिरजेत शिकल्या, मलिंगारच्या हॉस्पिटलात काम करतात. माझ्या छातीला स्टेथोस्कोप लावून पहिल्यांदा गप्प बसल्या त्या त्याच. त्यांना मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मी पेशंटला वाचवायचं काम करते, त्याच्या मागचं आवरायचं नाही." मग दोन दिवसांनी चहाला बोलावून हो म्हणाल्या. चहाबरोबर भाकरवडी होती. इथे भाकरवडी कोण उगाच उघडत नाही, त्यावरूनच मी ओळखलं की हो आहे.

कलम २. क्रेडिट युनियनमध्ये, म्हणजे इथल्या पतपेढीत, जे काही असेल ते माझी बहीण वृंदा हिला. तिच्या नवऱ्याला नाही. तो माणूस चांगला आहे, पण त्याला दर वर्षी नवा धंदा सुचतो.

कलम ३. माझे किचनचे सुरे, जे कापडात गुंडाळून प्रेसमध्ये वरच्या फळीवर आहेत (इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मलाही आता कपाट हा शब्द उशिरा आठवतो), ते कॉर्कच्या हॉटेलात माझ्या शेजारी उभा राहणाऱ्या रमेशला. कॉर्कमध्ये मी एकच उन्हाळा होतो. त्याआधी गॉलवे, त्याआधी डब्लिन. त्याआधी गोवा, बंगळूर, आणि डिप्लोमाचं दुसरं वर्ष, जे सुटलं ते सुटलंच. आई प्रमोदिनी म्हणते, "ह्याच्या पायाला भिंगरी आहे." भिंगरी वगैरे काही नाही. एका जागी थांबलं की मला वाटतं कोणीतरी मला काहीतरी विचारणार आहे.

कलम ४. चुलत भाऊ गौरव, ज्याने २०१४ साली मला सांगितलं की डब्लिनमधला एक कोर्स केला की नोकरी पक्की, त्याला माझं रेनजॅकेट देऊ नये. कॉलेज एका जिन्याखाली होतं आणि मी पोहोचेपर्यंत तेही बंद पडलं होतं. गौरव पुण्यात कोरडा आहे. कोरडाच राहो.

कलम ५. आता ती वस्तू.

माझ्या खोलीत खिडकीखाली एक गडद हिरवा डबा आहे, झाकणावर पितळी पट्टी. त्यात ओरवाल या बेटाचे माजी सरन्यायाधीश आणि माजी राष्ट्रपती हॅरोल्ड सखाराम यांची राख आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ते गेले. दहनाच्या अर्जावर सही माझी होती, म्हणून डबा माझ्या हातात आला. सॉलिसिटर बाई म्हणाल्या, राखेवर कोणाची मालकी नसते, ताबा असतो. म्हणजे एका देशाचा पहिला नागरिक माझ्या ताब्यात आहे, आणि माझा स्वतःचा व्हिसा जूनपर्यंतच आहे.

मी त्यांचा केअरर, म्हणजे देखभालीला ठेवलेला माणूस, होतो. झालं असं की, २०१५ च्या सुमारास त्यांच्या फाटकासमोर माझ्या सायकलची चेन निघाली आणि मी मोठ्याने "आयला!" म्हणालो. फाटकाच्या आतून एक काळासावळा, काठीसारखा सरळ म्हातारा इंग्रजीत म्हणाला, "हा शब्द माझी आजी म्हणायची. कोंबडी निसटली की." त्यांचे पणजोबा सखाराम रत्नागिरीकडून उसाच्या कामाला बोटीने ओरवालला गेले होते. तिथल्या गोऱ्या कारकुनाने बापाचं नाव, आडनाव काही विचारलं नाही, म्हणून पणजोबांचं नावच पुढे आडनाव झालं. मराठीचे पाच-सहा शब्द त्या घरात शिल्लक होते आणि त्यातला एक माझ्या तोंडून पडला. आठवडाभरात मी त्यांच्याकडे कामाला लागलो. इतकं टिकलेलं माझं दुसरं काम नाही.

ते मला कधी प्रल्हाद म्हणाले नाहीत. "मिस्टर माळवदे, मला आंघोळीची वेळ झाली का?" असं विचारायचे. मी त्यांना जज्जसाहेब म्हणायचो. राष्ट्रपती म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही.

कलम ६. हे कलम वाटणीचं नाही, माहितीचं आहे. पण हे वाचल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून आप्पा, हे गाळू नका.

जज्जसाहेबांचे वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. मिशनच्या शाळेने पोराला हॅरोल्ड केलं आणि वकिलीसाठी डब्लिनला धाडलं. तिथे मलिंगारच्या मॉरीन भेटल्या. लग्न करून दोघं बेटावर परत गेले. इंग्रज होते तोवर हे मॅजिस्ट्रेट, इंग्रज गेल्यावर न्यायाधीश, मग सरन्यायाधीश. बेटाला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा झेंडा बदलला, पोलिसांच्या टोप्या बदलल्या, कायद्याची पुस्तकं तीच राहिली. फाशीचं पुस्तकही तेच. फाशी सुनावताना न्यायाधीशाने डोक्यावर काळ्या कापडाचा चौकोन ठेवायचा, हेही तेच.

१९७९ मध्ये बंदरात संप झाला. दगडफेकीत एक पोलीस मेला. मार्सेल लाबोन नावाच्या हमालावर खटला चालला. जज्जसाहेबांनी स्वतः तो चालवला आणि फाशी सुनावली. मी एकदा विचारलं, त्यानेच मारलं होतं का? म्हणाले, "मिस्टर माळवदे, पुराव्यात तसं होतं." मग बराच वेळ रजई नीट करत बसले. रजई नीटच होती.

पुढच्या वर्षी बेटाचे राष्ट्रपती वारले. दोन्ही पक्षांना चालेल असा एकच माणूस सापडला, हेच. त्यांना मिरवायला आवडायचं नाही, पण पार्लमेंटने एकमताने निवडलं, नाही कसं म्हणणार. वाड्यात राहायला गेले आणि पहिल्याच महिन्यात टेबलावर मार्सेल लाबोनचा दयेचा अर्ज आला.

इथे चूक झाली. चूक म्हणायची की काय म्हणायचं मला अजून ठरवता येत नाही. कोर्टातला नियम असा की ज्या प्रकरणाशी आपला संबंध आला त्याला पुन्हा हात लावायचा नाही, बाजूला व्हायचं. जज्जसाहेब आयुष्यभर तसे वागले. मेहुण्याच्या शेताचा खटला आला तरी बाजूला, ओळखीच्या डॉक्टरचा आला तरी बाजूला. त्यांनी त्या अर्जावरही तेच केलं. लिहिलं, "हा खटला मी चालवला आहे, म्हणून यावर मी विचार करू शकत नाही." आणि फाईल मंत्रालयात परत पाठवली. त्यांच्या डोक्यात होतं की आता ती दुसऱ्याकडे जाईल. कोर्टात जाते. एक न्यायाधीश बाजूला झाला की दुसरा बसतो.

पण राष्ट्रपतीच्या वाड्यात दुसरा न्यायाधीश नसतो. घटनेत दयेचा अधिकार एकट्या राष्ट्रपतीला होता. मंत्र्यांना हमाल लटकायला हवाच होता, फक्त स्वतःची सही नको होती. त्यांनी तुरुंगाला कळवलं की राष्ट्रपतींनी हस्तक्षेप केलेला नाही. खोटं नव्हतंच ते. गुरुवारी सकाळी मार्सेलला फाशी दिली. जज्जसाहेबांना हे न्याहारीला कळलं, जो माणूस पाव घेऊन आला त्याच्याकडून. "त्याने पावाची टोपली खाली ठेवली आणि सांगितलं," असं ते मला म्हणाले. "लोणी अजून यायचं होतं."

प्रेत घरच्यांना दिलं नाही. तोही जुन्या पुस्तकातलाच नियम, फाशीचा कैदी तुरुंगाच्या आवारातच पुरायचा, चुना घालून, वर खूण न ठेवता. तिथे आता कैद्यांसाठी भाजी लावतात म्हणे.

सात वर्षांनी लष्कराने वाडा घेतला. जज्जसाहेब आणि मॉरीनबाई दोन बॅगा घेऊन मलिंगारला आले, बाईंच्या आईच्या घरी. लोकांना वाटायचं त्यांना त्या लष्कराचा राग असेल. मला तो कधी दिसला नाही. एकच गोष्ट ते परत परत सांगायचे. इथल्या लोकांनीही डब्लिनच्या एका तुरुंगात इंग्रजांनी फाशी देऊन पुरलेली आपली माणसं ऐंशी वर्षांनी बाहेर काढली आणि रस्त्यारस्त्यातून नेऊन मानाने पुरली. त्या दिवशी हे दोघं फुटपाथवर उभे होते. शेजारची बाई रडत होती, तिने यांना विचारलं, "तुमचं कोणी होतं का त्यात?" जज्जसाहेब म्हणाले, "माझा माणूस अजून आत आहे."

कलम ७. ज्युली लाबोन ही मार्सेलची मुलगी. बाप गेला तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हत्या. आता पंचेचाळिशीच्या आसपास असतील, नास गावातल्या एका वृद्धाश्रमात स्वयंपाक करतात. कामासाठी आयर्लंडला आल्या आणि बऱ्याच वर्षांनी त्यांना कोणाकडून तरी कळलं की तो माणूस इथेच राहतो. २०१७ च्या हिवाळ्यात त्या आल्या. दार मी उघडलं. म्हणाल्या, "लाबोन. त्यांना आडनाव सांगा, पुरे."

जज्जसाहेब तेव्हा दोन महिने आधाराशिवाय उठले नव्हते. ते खुर्चीतून उठून उभे राहिले. मी धरायला गेलो तर मला हाताने बाजूला केलं.

"बसा तुम्ही," ज्युली म्हणाल्या. "पडाल, आणि लोक म्हणतील मी ढकललं."

मी चहा ठेवला. पुढचं मी किचनच्या दारातून ऐकलं, लपून नाही, दार उघडंच होतं.

"माझी आई चौदा महिने तुमच्या फाटकाशी येत होती," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही."

"फाशीच्या आधी अर्जाचं काय झालं विचारायला, आणि नंतर प्रेत मागायला. शिपाई म्हणायचा विचार चालू आहे. प्रेताबद्दलसुद्धा तेच म्हणायचा."

"मी तो अर्ज नाकारला नाही, मिस लाबोन. मला तो अधिकार नाही असं मला वाटलं."

"नाकारला असता तर आईने तुम्हाला शिव्या घातल्या असत्या, रडली असती, आणि झोपली असती. तुम्ही नाही म्हणालात तरी चाललं असतं हो. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत."

जज्जसाहेब काही बोलले नाहीत. मग त्या चिडल्याच. "हे बघा! आतासुद्धा!"

मी मधे चहा घेऊन गेलो. माझा चहा म्हणजे आलं, गवती चहा नाही पण आलं भरपूर. ज्युलींनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "हे काय, औषध आहे का?" तेवढ्याने खोलीतली हवा थोडी हलली.

जाताना जज्जसाहेब त्यांना म्हणाले, "मार्सेल लाबोन बाहेर येईपर्यंत मी त्या बेटावर जाणार नाही. जिवंत नाही, मेल्यावरही नाही. तो आधी. मिस्टर माळवदे, तुम्ही ऐकलंत." मी म्हटलं, ऐकलं. नंतर मी विचारलं की एवढी मोठी गोष्ट माझ्यासारख्याच्या गळ्यात का? तुमचे भाचे आहेत, वकील आहेत. म्हणाले, "जो एका पत्त्यावर राहतो त्याला सरकार शोधून काढतं. तुम्हाला तर तुमची आईसुद्धा शोधू शकत नाही."

ज्युली नंतरही आल्या, तीन-चार वेळा. माफ केलं असं कधी म्हणाल्या नाहीत आणि मी तसं लिहिणार नाही. एकदा जज्जसाहेबांची नखं कापून गेल्या, कारण माझ्या हातून नीट कापली जात नव्हती.

कलम ८. डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातल्या ओरवालच्या वकिलातीतले सचिव श्री. फेलिक्स यांच्याबद्दल.

बेटावर आता लष्कर नाही, निवडून आलेलं सरकार आहे, आणि त्यांना पुढच्या निवडणुकीआधी एक थोर माणूस हवाय. तोफा, बँड, बंदरासमोर समाधी. श्री. फेलिक्स माझ्याकडे दोनदा आले. उंची कोट, चकचकीत बूट, फार नम्र. शेमस त्यांना "युवर मॅन विथ द शूज", म्हणजे तो बुटवाला, म्हणतो. मी त्यांना म्हटलं, घेऊन जा, पण आधी मार्सेल लाबोनची हाडं त्यांच्या मुलीच्या हातात द्या. ते म्हणाले, "त्यावर विचार चालू आहे. आधी राख येऊ द्या, वातावरण तयार होईल, मग ते आपोआप होईल." मी म्हटलं, आपोआप फक्त बुरशी येते. माझ्या खोलीची भिंत दाखवली.

मग त्यांना कुठून तरी कळलं की माझं ऑपरेशन आहे. त्यांनी इचलकरंजीला फोन लावला. मी मृत्युपत्र न करता गेलो तर माझं सगळं आईवडिलांकडे जातं, हा इथला कायदा, आणि डब्यासाठीही मग त्यांच्याच दारात जायचं, हे त्यांनी आधीच बघून ठेवलेलं. फोनवर वृंदा भाषांतर करत होती. आप्पांचा मला त्याच रात्री फोन.

"अरे, राष्ट्रपतींच्या अस्थी आपल्याकडं! आणि तू बोलला नाहीस? ते साहेब म्हणाले, सरकारतर्फे मला विमानानं नेणार, पहिल्या रांगेत बसवणार."

"आप्पा, ते माझ्या मरणानंतरचं बोलतायत."

मग आप्पा म्हणाले, "तसं नव्हतं रे माझ्या मनात. आणि त्यांना नाही द्यायचं तर नरसोबाच्या वाडीला संगमावर सोडू की. मराठी माणूस होता म्हणतोस ना."

आप्पा, तुमचा राग नाही. सायझिंगमध्ये सुताला खळ देत वाफेत तीस वर्षं उभा राहिलेला माणूस, कोणी पहिल्या रांगेत बसवतो म्हटलं तर बसणारच. पण ती खुर्ची मार्सेल लाबोनच्या अंगावर मांडलेली आहे. तुम्ही बसू नका. आणि वाडीच्या संगमावरही नको. त्या पाण्यात जाऊन सगळं सुटतं म्हणतात. हे सुटायचं नाहीये.

श्री. फेलिक्स यांना मी रिकाम्या हाताने पाठवत नाही. जज्जसाहेबांनी फाशी सुनावताना डोक्यावर घेतलेला काळ्या कापडाचा चौकोन त्यांनी मला दिला होता. तो मी ओरवाल सरकारला देतो. बंदरासमोर काही ठेवायचंच असेल तर तो काचेत ठेवावा.

कलम ९. ~~वर सांगितलेली राख मी ज्युली लाबोन यांना पूर्ण हक्काने देतो. त्यांनी ती ठेवावी, द्यावी, फेकावी, त्यांची मर्जी. त्यांचा बाप, त्यांचा निर्णय.~~

हे कलम मी खोडलं आहे. खोडलेलं दिसू द्यावं. शेजारी माझी आणि दोन्ही साक्षीदारांची आद्याक्षरं आहेत.

का खोडलं ते सांगतो. आज दुपारी ज्युली नासहून आल्या. डॉ. अस्मिताताईही बसलेल्या होत्या. मी त्यांना हे कलम इंग्रजीत वाचून दाखवलं आणि खरं सांगायचं तर मला स्वतःवर खूश झाल्यासारखं वाटत होतं. किती बरोबर केलं मी.

त्या म्हणाल्या, "नको."

"का पण? तुमच्याइतका हक्क कोणाला आहे?"

"म्हणूनच नको. माझ्याच बापाच्या प्रकरणात मी निकाल देऊ? तुझा म्हातारा काय म्हणाला असता? बाजूला व्हा म्हणाला असता." आणि हसल्या. बरं हसू नव्हतं ते.

अस्मिताताई म्हणाल्या, "ज्युली, तो तुमचा मान राखतोय."

"मान नाही, हा फाईल सरकवतोय," ज्युली म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या. "तूही तसलाच. चांगला माणूस, स्वच्छ हात, आणि कागद दुसऱ्याच्या टेबलावर. मी काय करणार त्या डब्याचं? दिला तर आई मला विचारेल का दिलास. नाही दिला तर तो बुटवाला माझ्या आईच्या दारात जाऊन बसेल. तुझ्या ताब्यात आहे ना? तू ठरव. हो, नाहीतर नाही. पण लिही, आणि ज्याला कळवायचं त्याला कळव."

मी म्हटलं, मी कोण ठरवणारा? माझं शिक्षण नाही, देश नाही, सोमवारी मी असेन की नाही माहीत नाही.

"तो सरन्यायाधीश होता," त्या म्हणाल्या. "काय उपयोग झाला?"

मग त्यांनी विचारलं की साक्षीदार कोण आहे. एक शेमस, दुसरा अजून ठरला नव्हता. सॉलिसिटर बाईंनी सांगितलेला नियम मी त्यांना सांगितला, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. त्या लगेच म्हणाल्या, "पेन दे. मी साक्षीदार." म्हणजे दार लावूनच घेतलं त्यांनी. मी बाहेर जाऊन शेमसच्या अंगणात फिरलो. दोन फेऱ्यांत धाप लागली. परत येऊन बसलो आणि पुढचं लिहिलं.

कलम १०. राखेबद्दल माझा निर्णय असा.

राख डॉ. अस्मिता यांच्या ताब्यात राहील, त्यांच्या मालकीची होणार नाही. मार्सेल लाबोन यांचे अवशेष तुरुंगातून काढून त्यांच्या पत्नीच्या हवाली करावेत. ते मिळाले असं त्या बाईंनी स्वतः कळवल्यावर, आणि त्यानंतरच, राख वकिलातीला द्यावी. मग तोफा उडवा, बँड लावा. क्रम बदलायचा नाही. वातावरण वगैरे चालणार नाही.

यासाठी मुदत ३१ डिसेंबर २०२०. मुदत घातली कारण विचार चालू आहे हे वाक्य मला आता ऐकवत नाही. तोपर्यंत झालं नाही तर राख मलिंगारच्या दफनभूमीत, मी यायच्या आधीच गेलेल्या मॉरीनबाईंच्या थडग्यात पुरावी आणि ओरवालला कधीही नेऊ नये. पुढे कोणी हाडं दिली, माफी मागितली, पुतळा केला, तरी नाही. जज्जसाहेबांना आपलं बेट पुन्हा मिळणार नाही. शेवटच्या हिवाळ्यात ते खिडकीशी बसून त्या बेटावरच्या एका चिंचेबद्दल बोलायचे, तिच्याखाली त्यांची आजी बसायची. हे मला माहीत आहे. माहीत असून लिहितोय. हा निर्णय माझा आहे, त्यांचा नाही, ज्युली लाबोन यांचाही नाही. मी जगलो तरी तोच, मेलो तरी तोच.

हे कोणाला कळवायचं: वकिलातीला, रजिस्टर पोस्टाने. आणि त्याआधी, माझ्या ऑपरेशनची वाट न बघता, सोमवारच्या आत, मार्सेल लाबोन यांच्या पत्नीला. त्यांना अर्जाचं उत्तर कोणीही दिलेलं नाही. त्यांना लिहावं की उत्तर ‘नाही’ असं होतं, फक्त कोणी म्हटलं नाही. तुमचा नवरा आम्ही मागितला आहे, अमुक तारखेपर्यंत. दिला तर असं होईल, नाही दिला तर तसं. खाली माझं नाव, राष्ट्रपतींचा केअरर म्हणून.

कोणत्या भाषेत लिहायचं असं मी विचारलं. ज्युली म्हणाल्या, तिला वाचता येत नाही, शेजारचा वाचून दाखवेल, सोप्या भाषेत लिहा. मग माझ्या हातातून कागद ओढून घेऊन खालचा पत्ता त्यांनी स्वतः लिहिला. या मृत्युपत्रातलं तेवढंच अक्षर माझं नाही.

मादाम रोझ लाबोन, मिठागर रस्ता, चर्चच्या मागे, पोर्ट ओरवाल.

इथपर्यंत मी लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि दोन्ही साक्षीदार समोर बसलेले असताना सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. शेमस कॉयल यांना यातलं अक्षरही वाचता येत नाही. त्यांना मी फक्त एवढंच सांगितलं की यात त्यांच्याबद्दल वाईट काही नाही.

ठिकाण: मलिंगार. तारीख: १५ मार्च २०१९, शुक्रवार.

(सही) प्रल्हाद गुरुनाथ माळवदे

साक्षीदार:
(सही) शेमस कॉयल, घरमालक, मलिंगार
(सही) ज्युली लाबोन, स्वयंपाकीण, नास; मार्सेल लाबोन यांची मुलगी